वडोदऱ्यात इतिहासाची पाटी लावायची आहे? परवानगी कोणाची, कागद कोणते

दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या कुठल्याही मराठी मंडळात बसा, ‘इथे एक पाटी हवी हो’ असं कोणी ना कोणी म्हणतंच. योगी अरविंद जिथे राहिले तो खासेराव जाधवांचा बंगला अरविंद निवास म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल? हौस भरपूर असते. गाडी अडते ती अर्जापाशी.

अर्ज कोणाकडे द्यायचा, हे पाटी ज्या जागेवर लागणार त्या जागेच्या मालकीवर ठरतं. महापालिकेचा रस्ता, बाग किंवा इमारत असेल तर आयुक्तांच्या नावे अर्ज करा. मुख्य कार्यालय खंडेराव मार्केटातच आहे. राज्याचा रस्ता मार्ग व मकान (रस्ते व इमारती) विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. रस्ता नक्की कोणाचा हे आधी वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या, नाहीतर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

फुटपाथवर चौथरा बांधून त्यावर शिळा बसवायचा बेत असेल तर तो सोडून द्या. सार्वजनिक रस्ते, फुटपाथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम उभारायला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. ज्या खटल्यात तो आला, तो गुजरातमधूनच वर गेला होता. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाटी भिंतीवरच लावा, तीही आतल्या मालकाच्या संमतीने. खर्च कमी, वाद कमी, आणि पावसाळ्यात पाण्याखाली जायची भीती नाही.

मालकाची संमती म्हटलं की सोपं वाटतं. जुन्या वाड्याचं प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हे ऑफिसातून काढा, म्हणजे खरी गोष्ट कळते. कार्डावर आजोबांचंच नाव, वारस पाच-सात, त्यातले दोघे पुण्यात, एक अमेरिकेत, आणि खाली भाडेकरूचं दुकान. कार्डावर जेवढी नावं, तेवढ्या सह्या घ्या. नाव मयताचं असेल तर वारसांचं संमतिपत्र आणि पेढीनामा (वंशावळ) जोडा. भाडेकरूची सही मालकीच्या कागदात लागत नाही, तरी घेऊन ठेवा. पाटीवर दुकानाचा बोर्ड चढवणारा बहुतेक तोच असतो.

संरक्षित स्मारकाजवळचा प्रकार निराळा. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, भिंतीवरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. खुद्द स्मारकावर तुम्हाला काहीच लावता येत नाही. कायदा १९५८ चा, पण २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. खासगी भिंतीवरच्या छोट्या पाटीसाठीसुद्धा खात्याच्या वडोदरा मंडळाला आधी पत्र देऊन लेखी उत्तर घ्यावं. तिथल्या निळ्या फलकाला इतिहासाची पाटी समजू नका. त्यावर स्मारकाची नासधूस केल्यास काय शिक्षा होते ते लिहिलेलं असतं: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्ज एकट्या नागरिकालाही करता येतो. तरी नोंदणीकृत संस्थेच्या नावाने केलेला बरा, कारण ‘पाटीची देखभाल कोण करणार’ हा प्रश्न येणारच. संस्थेकडून नोंदणीचा दाखला, कार्यकारिणीचा ठराव आणि देखभालीचं हमीपत्र. व्यक्ती असेल तर ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. सोबत जागेचे फोटो, प्रॉपर्टी कार्ड, चालू वर्षाचं वेऱ्याचं (मालमत्ता कराचं) बिल, पाटीचं माप आणि धातू, जमिनीपासूनची उंची दाखवणारं साधं रेखाचित्र, आणि मजकुराचा अंतिम मसुदा.

मसुद्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. समजा शाळेच्या भिंतीवर लिहायचं आहे, ‘सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचं शिक्षण सुरू केलं’. कोणीतरी उठून १८९३ म्हणणार. दोन्ही साल बरोबर: १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग झाला, १९०६ मध्ये तो कायदा सबंध राज्याला लागू झाला. पाटीवर ‘सबंध राज्यात’ हे दोन शब्द घातले की भांडण मिटलं. प्रत्येक वाक्यापुढे पुरावा लावा: बडोदे सरकारची आज्ञापत्रिका (राजपत्र), राज्यकारभाराचे वार्षिक अहवाल, दफ्तरातले कागद. कागद मोडीत असेल तर छायाप्रत, बाळबोध लिप्यंतर आणि गुजराती भाषांतर अशी तिन्ही पानं द्या; टेबलावरच्या माणसाला मोडी येईल अशी आशा ठेवू नका. ‘असं सांगतात’, ‘असं ऐकिवात आहे’ हे पाटीवर नको. ते पुस्तिकेत छापा.

भाषेचंही आधीच ठरवा. सार्वजनिक ठिकाणच्या फलकांवर गुजराती असावी असा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय वडोदऱ्यालाही लागू आहे. गुजराती वर आणि मराठी खाली, असा मसुदा दिला तर आडकाठी यायला जागा उरत नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. या शिक्क्याशिवाय पुढचा पाठपुरावा हवेतच. उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन माहितीच्या अधिकारात विचारा. गुजरातमध्ये या अर्जाचं शुल्क २० रुपये आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ‘परवानगी का दिली नाही’ असं विचारू नका. ‘माझ्या अर्जावरच्या टिपणांच्या आणि शेऱ्यांच्या प्रती द्या’ एवढंच लिहा. फाइल कोणत्या टेबलावर थांबली आहे, ते त्या शेऱ्यांतून दिसतं.