परदेशी शिक्षणाचं कर्ज: सँक्शन लेटरपासून शेवटच्या ईएमआयपर्यंत

सँक्शन लेटर हातात आलं की घरात पेढे येतात. यावेतच. पण त्या दिवशी कर्जखात्यातून एक रुपयाही हललेला नसतो. बँकेने फक्त सांगितलेलं असतं की या अटी पूर्ण केल्यात तर एवढ्या रकमेपर्यंत पैसे देऊ. खरे पैसे त्यानंतर टप्प्याटप्प्याने निघतात, दर टप्प्याला वेगळे कागद लागतात आणि निघालेल्या प्रत्येक रुपयावर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. हे आधी नीट समजून घेतलं तर ऐन जुलै-ऑगस्टमध्ये होणारी निम्मी धावपळ टळते.

कर्ज कोणाला मिळतं

विद्यार्थी भारतीय नागरिक हवा आणि परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात हवं. सोबत सहकर्जदार लागतो. बहुतेक वेळा तो आई किंवा वडील असतो, लग्न झालेलं असेल तर जोडीदार किंवा सासरेही चालतात. सहकर्जदाराचं उत्पन्न आणि सिबिल स्कोअर बँक विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेइतकाच बारकाईने बघते. वडिलांच्या नावावर जुनी क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती अर्ज करण्याआधी मिटवा. अर्ज गेल्यावर मिटवली तर स्कोअर सुधारायला वेळ लागतो आणि तोवर फीची तारीख येऊन ठेपते.

सरकारी बँका साधारणपणे इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे चालतात. ४ लाखांपर्यंत मार्जिन नाही, कर्ज त्याहून मोठं असेल तर परदेशी शिक्षणासाठी पूर्ण खर्चावर १५ टक्के मार्जिन, म्हणजे स्वतः भरायचा वाटा. म्हणजे ४० लाखांच्या खर्चात ६ लाख तुमचे. हे ६ लाख एकदम दाखवायचे नसतात, प्रत्येक टप्प्याबरोबर त्या प्रमाणात भरायचे असतात. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तीही मार्जिनमध्ये धरली जाते. शाखेत हे कोणी आपणहून सांगेल याची खात्री नाही, म्हणून विचारा. साडेसात लाखांच्या पुढे तारण लागतं. निवडक नामांकित विद्यापीठांची यादी करून काही बँका तारणाशिवायही मोठी रक्कम देतात, तेव्हा आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे सगळ्यात आधी बघा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांमधल्या शिक्षणासाठी आहे. परदेशी शिक्षणाला ती लागू नाही, त्यामुळे तिच्या व्याजसवलतीवर हिशेब मांडू नका.

कागदपत्रं, आणि खरी अडचण

विद्यार्थ्याचे कागद सोपे असतात: आधार, पॅन, पासपोर्ट, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, आयईएल्टीएस किंवा जीआरईचा स्कोअर, प्रवेशपत्र आणि विद्यापीठाने दिलेला फीचा तक्ता. सहकर्जदार नोकरीत असेल तर पगारपत्रकं आणि फॉर्म १६, व्यवसायात असेल तर प्राप्तिकर विवरणपत्रं आणि ताळेबंद, शिवाय बँकेचं स्टेटमेंट. शेतकरी कुटुंबाला सातबारा, आठ-अ आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.

गाडी अडते ती तारणाच्या कागदांवर. फ्लॅट असेल तर नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची चालू पावती हे सगळं लागतं. फ्लॅट पुनर्विक्रीत घेतलेला असेल तर आधीच्या सगळ्या मालकांचे करारनामेही लागतात. मधला एक जरी मूळ करार हरवला असेल तर बँकेचा वकील तिथे थांबतो. वडिलोपार्जित घर असेल तर कागद आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही, काका पुण्यात आणि आत्या बडोद्याला, आणि सगळ्यांच्या सह्या हव्यात. घरात कितीही प्रेम असलं तरी वारस नोंदीला सरकारी वेळ लागायचा तेवढा लागतोच. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, एनए झालेला प्लॉट असेल तर विचार होतो.

वकिलाचा टायटल सर्च (मालकीची तपासणी) आणि मूल्यांककाचा अहवाल बँक आपल्या पॅनेलवरच्या लोकांकडून करून घेते, खर्च तुमचा. गहाणखत झाल्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं आणि महाराष्ट्रात त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन (नोंदणी कार्यालयाला गहाणाची सूचना) ३० दिवसांच्या आत दाखल करावी लागते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तारणाची फाईल प्रवेशाची वाट न बघता लावायला घ्यावी. प्रवेशपत्र दोन आठवडे उशिरा आलं तर निभावतं, वारस नोंद राहिली तर मोसम हातचा जातो.

व्हिसासाठी पत्र पुरतं की पैसे लागतात

हे देशावर ठरतं. अमेरिकेच्या आय-२० साठी (व्हिसाला लागणारा, विद्यापीठाने द्यायचा फॉर्म) बहुतेक विद्यापीठं सँक्शन लेटर स्वीकारतात. ब्रिटनच्या व्हिसासाठी कर्जाचं पत्र विद्यार्थ्याच्या नावावरच्या कर्जाचं हवं आणि ते अर्जाच्या तारखेला ६ महिन्यांपेक्षा जुनं नको. खात्यात रोख दाखवणार असाल तर ती सलग २८ दिवस राहायला हवी. जर्मनीचं वेगळं: तिथे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. कॅनडाला १ सप्टेंबर २०२५ पासून क्वेबेक सोडून इतर प्रांतांसाठी एका विद्यार्थ्याला राहण्याखाण्याचे २२,८९५ कॅनडियन डॉलर दाखवावे लागतात आणि बरेच जण ते तिथल्या बँकेच्या जीआयसीत (हमी असलेल्या ठेवीत) भरतात.

म्हणजे जर्मनी किंवा कॅनडाला जाणाऱ्याला व्हिसा मिळण्याआधीच कर्जाचे पैसे हातात हवे असतात. अनेक शाखा मात्र व्हिसा झाल्याशिवाय पैसे सोडत नाहीत, म्हणजे डिस्बर्समेंट करत नाहीत. ‘व्हिसाआधी डिस्बर्समेंट मिळेल का, आणि मिळाली तर ब्लॉक्ड अकाउंटला मिळेल का’ हा प्रश्न मंजुरीआधी विचारा आणि उत्तर सँक्शन लेटरमध्ये लिहून घ्या.

पैसे निघतात कसे

फी थेट विद्यापीठाच्या खात्यावर जाते. त्यासाठी विद्यापीठाचं इन्व्हॉइस, डिस्बर्समेंटचा विनंती अर्ज आणि परकीय चलनाचा ए-२ फॉर्म द्यावा लागतो. ए-२ वर पैसे कशासाठी जाताहेत त्याचा पर्पज कोड असतो, तो शिक्षणाचाच आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. संदर्भाच्या रकान्यात विद्यार्थ्याचा विद्यापीठाने दिलेला आयडी लिहिला नाही तर पैसे पोचतात, पण कोणाच्या नावावर जमा करायचे ते त्यांना कळत नाही.

पैसे स्विफ्टने जातात आणि मधल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात. फॉर्मवर शुल्क कोण भरणार याचा पर्याय असतो. ‘अवर’ निवडलं तर सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून घेतलं जातं आणि विद्यापीठाला पूर्ण रक्कम जाते. ‘शेअर’ निवडलं तर तिकडे काही डॉलर कमी पोचतात, फी अपुरी दिसते आणि तेवढ्यावरून नावनोंदणीवर होल्ड लागतो. पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्ट कॉपी मागून घ्या. विद्यापीठ ‘पैसे मिळाले नाहीत’ म्हणालं तर शोध त्याच कागदावरून लागतो.

कर्ज रुपयात मंजूर होतं, फी परदेशी चलनात असते. ३०,००० डॉलरची फी ८३ रुपये दराने २४.९० लाख होते, ८८ रुपये दराने २६.४० लाख. दीड लाखाचा फरक पडला तरी मंजूर रक्कम आपोआप वाढत नाही. अर्जातच खर्चाचा अंदाज थोडा वरचा धरा. मंजूर रक्कम पूर्ण उचललीच पाहिजे असं नाही आणि न उचललेल्या रकमेवर व्याज नाही.

पुढच्या सेमिस्टरसाठी मागची गुणपत्रिका आणि भरलेल्या फीची पावती लागते. विद्यार्थी तोवर परदेशात असतो, शाखेला सही हवी असते. निघण्याआधी आईच्या किंवा वडिलांच्या नावाने बँकेला चालेल असं कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की हा प्रश्न सुटतो. तिकडे गेल्यावर तेच करायचं तर भारतीय वकिलातीत खेटे घालावे लागतात.

कर्जातून जाणाऱ्या फीवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच गोळा करते तो कर) नाही. १ एप्रिल २०२५ पासून बँक किंवा अधिसूचित वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही, रक्कम कितीही असो. स्वतःच्या बचतीतून पाठवलेली रक्कम आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेली तर वरच्या भागावर लागतो. तो प्राप्तिकरात वजा होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

व्याज आणि परतफेड

सरकारी बँकांत अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष ईएमआय नसतो. यालाच मोरॅटोरियम म्हणतात. ईएमआय नसला तरी व्याज चालूच असतं, सरळ व्याजाने. समजा ४० लाखांचं कर्ज, १० टक्के दर, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि दर सहा महिन्यांनी १० लाख. पहिल्या १० लाखांवर ३ वर्षांचं ३ लाख, पुढच्यांवर अडीच, दोन आणि दीड लाख, असं एकूण ९ लाख व्याज साठतं. सगळे ४० लाख पहिल्याच दिवशी उचलले असते तर १२ लाख झाले असते. लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच उचललं म्हणून इथे ३ लाख वाचतात.

मोरॅटोरियम संपला की हे ९ लाख मुद्दलात मिळतात. ४९ लाखांचा १० वर्षांचा ईएमआय सुमारे ६४,७५० रुपये. दरम्यान घरून दरमहा व्याज भरत गेलात तर मुद्दल ४० लाखच राहतं आणि ईएमआय सुमारे ५२,८५०. असं व्याज भरणाऱ्याला नमुना योजनेप्रमाणे व्याजदरात १ टक्क्यापर्यंत सवलतही देता येते. वडिलांच्या पगारात बसत असेल तर हे नक्की करा. पूर्ण व्याज झेपत नसेल तर जमेल तेवढं भरा. एनबीएफसी (बिगरबँक वित्तसंस्था) आणि काही खासगी बँकांत मात्र पहिल्या डिस्बर्समेंटनंतर लगेच पूर्ण किंवा अर्धवट व्याज भरणं सक्तीचं असतं. ते महिन्याच्या खर्चात धरूनच सही करा.

शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. निवासी असताना घेतलेलं शैक्षणिक कर्ज तसंच चालू राहतं, पण त्याचं इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, इथल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्यायला हवं. तिकडे पगार सुरू झाला की एनआरई खातं (अनिवासींचं, परदेशी कमाईसाठीचं) उघडून त्यातून ईएमआयची स्थायी सूचना द्यावी. रुपया घसरला की त्याच ईएमआयला कमी डॉलर लागतात. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही, त्यामुळे वर उरलेले पैसे थेट मुद्दलात टाका.

प्राप्तिकरात कलम ८०ई ने ओळखली जाणारी व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. तिला रकमेची मर्यादा नाही आणि परतफेड सुरू झाल्यापासून ८ वर्षं ती घेता येते. पतसंस्थेकडून किंवा नातेवाइकांकडून घेतलेल्या कर्जाला ती नाही.

इतर मागास प्रवर्गातल्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं, परदेशी शिक्षणाच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज परत मिळतं. व्याज आधी आपण वेळेवर भरायचं, मग महामंडळ ते देतं. पात्र असूनही कित्येक घरं अर्जच करत नाहीत याचं फार वाईट वाटतं. जिल्हा कार्यालयात कर्ज घेण्याआधीच जाऊन या.

नोकरी लांबली तर गप्प बसू नका. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं आणि विद्यार्थ्याबरोबर आईवडिलांच्याही सिबिलवर ते उमटतं. पहिला ईएमआय चुकण्याआधी शाखेला ईमेलने कळवून मुदतवाढ मागा. नंतर मागणं फार अवघड जातं.

शेवटचा ईएमआय गेल्यावरही एक काम उरतं. मूळ कागद ३० दिवसांत परत देणं आणि तारणाची नोंद काढणं हे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई. बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र) घ्या, कागद सुरुवातीला दिलेल्या यादीशी ताडून घ्या आणि महिना-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून त्यात खातं ‘बंद’ दाखवतंय ना ते बघा.