समायोजन (डोळ्याचे)

जवळची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून डोळ्याने आपली अपवर्तन (प्रकाश वळवण्याची) शक्ती वाढवणे म्हणजे समायोजन. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर (ही शक्ती मोजण्याचे एकक) असून त्यांतील सुमारे ४३ एकट्या पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची असते. हवा (अपवर्तनांक १) आणि पारपटल (१.३७६) यांच्यातील फरक मोठा, म्हणून प्रकाश तिथेच सर्वाधिक वळतो. डोळ्यातील भिंगाच्या पुढेमागे १.३३६ अपवर्तनांकाचे पदार्थ असल्याने त्याचा वाटा कमी. पण शक्ती बदलते ती भिंगाचीच.

ही गोष्ट सिद्ध व्हायला फार काळ गेला. भिंग पुढेमागे सरकत असावे असे केप्लरचे मत होते. देकार्तने १६३७ मध्ये आकारबदलाची कल्पना मांडली. टॉमस यंगने १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग निर्णायक मानावा लागतो. त्याने डोळ्यासमोर पाणी ठेवून पारपटलाचा परिणाम जवळपास नाहीसा केला, ती उणीव बहिर्गोल भिंगाने भरून काढली, आणि तरीही समायोजन कायम राहिले.

राहिला प्रश्न यंत्रणेचा. हेल्महोल्ट्झच्या मते (१८५५) सिलियरी स्नायू (भिंगाभोवतीचा कड्यासारखा स्नायू) आकुंचन पावला की भिंगाला धरणारे तंतू सैल पडतात आणि लवचिक आवरणामुळे भिंग फुगते. पुढच्या पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या सुमारे १० मिमीवरून ६ मिमीपर्यंत येते. चेर्निंगने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि शाकर याने १९९० च्या दशकात याउलट तंतूंचा ताण वाढतो असे प्रतिपादन केले. मात्र माकडांवरील निरीक्षणांत समायोजनाच्या वेळी भिंगाची कड आत सरकताना दिसते, आणि ते हेल्महोल्ट्झच्या बाजूने जाते.

वयानुसार भिंग ताठर होते. दहाव्या वर्षी १२ ते १४ डायॉप्टर असलेला समायोजनाचा आवाका पंचेचाळिशीत ४ च्या खाली येतो. वृद्धदृष्टिता, म्हणजे वयामुळे जवळचे स्पष्ट न दिसणे, ती हीच.

आवाका मोजताना दूरचा चष्मा असल्यास तो लावून एक डोळा झाकतात आणि बारीक अक्षरे हळूहळू जवळ आणतात. ती पुसट होऊन पुसटच राहतात ते अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन १०० ला त्याने भागतात : २५ सेंमी म्हणजे ४ डायॉप्टर. जवळ येताना अक्षरे मोठी भासतात आणि बाहुली लहान होते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. मुलांचा चष्म्याचा नंबर काढताना धोका वेगळा असतो. तपासणीच्या वेळी त्यांचे समायोजन चालूच राहिले तर दूरदृष्टिता (अधिक नंबर लागणारा दोष) झाकली जाते, प्रसंगी नसलेला उणे नंबरही निघतो. म्हणून आधी सायक्लोपेंटोलेट किंवा अ‍ॅट्रोपीनचे थेंब घालून स्नायू तात्पुरता शिथिल करतात.