ब्लॉकचेन लावलं की मोबाईल नेटवर्क पडत नाही? नाही हो, असं नसतं

बरेच वर्षं हे फिरतंय की ब्लॉकचेनला (म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकत्र ठेवलेली, गुपचूप बदलता न येणारी नोंदवही) एकच सर्वर नसतो म्हणून डिनायल ऑफ सर्व्हिस अटॅक (मागण्यांचा लोंढा सोडून सेवा बंद पाडणं) चालतच नाही, आणि मोबाईल नेटवर्कवर तेच लावलं की झालं. पण १४ सप्टेंबर २०२१ ला सोलाना ही अख्खी ब्लॉकचेनच बॉट्सच्या (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) व्यवहारांच्या लोंढ्याने जवळपास १७ तास बंद पडली होती, सेकंदाला ४ लाखांपर्यंत व्यवहार येत होते!

आता टॉवरकडे बघा. फोन आधी टॉवरकडे कनेक्शन मागतो, टॉवर त्याच्यासाठी जागा राखतो आणि सिम खरं का खोटं हे त्यानंतर तपासलं जातं, म्हणजे खोट्या मागण्यांचा मारा केला की तपासणीच्या आधीच टॉवर भरतो, मग मागे कितीही भारी ब्लॉकचेन असू दे काय उपयोग? आणि मारा सेकंदात होतो, तर बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवर एक ब्लॉक (नोंदींचा गठ्ठा) यायलाच सरासरी १० मिनिटं लागतात.

उपयोग आहे, नाही असं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांनी हल्लेखोर आयपींची (इंटरनेटवरच्या पत्त्यांची) यादी एकमेकांत शेअर करायची असेल आणि कुणी गुपचूप खाडाखोड करू नये असं वाटत असेल तर तिथे ब्लॉकचेन खरंच कामाची आहे. पण लोंढा अडवायचं काम फिल्टरिंग (खोट्या मागण्या गाळणं), रेट लिमिट (ठरावीक वेळात किती मागण्या घ्यायच्या याची मर्यादा) आणि जादा कपॅसिटीचंच.