टेक्सासमध्ये राहिलं म्हणून आयकर सुटत नाही

"टेक्सासला आयकरच नाही, तिकडे जा, सगळा पगार हातात येतो." अमेरिकेत नोकरी बदलणाऱ्याला हे हमखास ऐकवलं जातं. खरं एवढंच, की तिथे राज्याचा आयकर नाही. २०१९ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतच त्याला बंदी घातली. केंद्राचा आयकर न्यू जर्सीत लागतो त्याच दरांनी ह्यूस्टनमध्येही लागतो. नोकरदाराच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतन योजना) ६.२ आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) १.४५ टक्केही सहसा कापले जातात.

आपल्या लोकांची मोठी गफलत होते ती भारतातल्या पैशाबाबत. अमेरिकेचे कर-रहिवासी झालात की पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं तिथल्या विवरणपत्रात दाखवावंच लागतं. एनआरई ठेवीचं, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँकठेवीचं, व्याजसुद्धा! ते भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. परदेशातल्या खात्यांची एकूण शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा अर्ज, वेगळा भरायचा. कर शून्य निघाला तरी भरायचा. तो चुकवल्याचा दंड जबर असतो, म्हणून कृपया हे हलक्यात घेऊ नका.

टेक्सासमध्ये राहून कॅलिफोर्नियात जाऊन काम केलंत, तर तिथल्या कमाईवर ते राज्य कर मागू शकतं. टेक्सासमध्येही विक्रीकर ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो, आणि मालमत्ता कर देशातल्या चढ्या दरांपैकी आहे.