शेजारच्या कुत्र्यांचं रात्रीचं भुंकणं: अर्ज कुणाकडे करायचा, कागद कोणते लावायचे

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. कूलर चालवायचा तर खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि खिडकी उघडी म्हणजे समोरच्या गॅलरीतला आवाज थेट उशाशी. हिवाळ्यात बंद दारांआड राहणारं भुंकणं उन्हाळ्यात अख्ख्या जिन्याची झोप मोडतं. मग चार रात्रींचं जागरण झालेला माणूस सकाळी तावातावानं अर्ज लिहितो: 'सदर कुत्री इमारतीतून तात्काळ काढून टाकण्यात यावीत.'

हा अर्ज कुठेच टिकत नाही. मी आमच्या इमारतीचा काही वर्षं सचिव होतो. असे अर्ज माझ्या हातात आले, त्यांवरून भांडणं झाली आणि कुत्री जिथल्या तिथे राहिली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमतानं ठराव केला तरी नाही. कुत्रं मोठं आहे म्हणून हरकत घेता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. पण त्याच सूचना मालकालाही सांगतात की भुंकणं हा कुत्र्याचा स्वभाव असला तरी, विशेषतः रात्री, ते शांत राहील यासाठी प्रयत्न करावेत. तुमचा अर्ज या वाक्यावर उभा राहायला हवा. कुत्रं घालवा अशी मागणी करू नका. रात्री गॅलरीत बांधू नका, दिवसभर एकटं कोंडू नका, एवढंच मागा. ही मागणी मान्य करणं समोरच्यालाही शक्य असतं आणि अधिकाऱ्यालाही.

आधी खरेदीखत काढून बघा

आपल्याकडे इमारतीला सरसकट अपार्टमेंट म्हणतात, पण कायद्याच्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट असेल, तर तुमची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे आणि तिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू होतो. खरेदीखतात 'डीड ऑफ डिक्लरेशन'चा उल्लेख असेल तर इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट १९७० खाली आहे आणि कारभार फ्लॅटधारकांच्या असोसिएशनकडे असतो. तिसरा प्रकार जळगाव, धुळे, नंदुरबार, अमळनेर, सगळीकडे भेटतो: बिल्डर फ्लॅट विकून गेला, संस्था नोंदलीच नाही, आणि एक काका दरमहा मेंटेनन्स गोळा करून बोअरचं बिल भरतात.

हे आधी ठरवायचं कारण पहिला अर्ज कुणाच्या नावे जाणार ते यावर अवलंबून आहे. संस्था असेल तर सचिव, असोसिएशन असेल तर तिचा सचिव. काहीच नसेल तर शेजाऱ्याला लेखी पत्र देऊन पुढे पोलीस आणि प्रांत (उपविभागीय अधिकारी). नोंद नसलेल्या इमारतीचं प्रकरण सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात नेण्यात लोक महिने घालवतात. तिथे ते स्वीकारलंच जात नाही, कारण निबंधकाचा अधिकार नोंदलेल्या संस्थेपुरता आहे.

तक्रार कोण करू शकतो

संस्थेकडे सभासद तक्रार करतो. तुम्ही भाड्यानं राहत असाल तर फ्लॅटमालकाच्या सहीनं अर्ज द्या, किंवा तुमच्या अर्जाला त्यांचं संमतिपत्र जोडा. पोलिसांकडे मात्र अशी अट नाही. त्रास होणारी कोणतीही व्यक्ती जाऊ शकते, भाडेकरू, पेइंग गेस्ट म्हणून राहणारी कॉलेजची मुलगी, समोरच्या इमारतीतले आजोबा, कुणीही. प्रांताकडे जायचं असेल तर एकट्याचा त्रास पुरत नाही. कायद्यातला शब्द समुदायाच्या स्वास्थ्याचा आहे, म्हणून तिथे चार-पाच घरांच्या सह्या हव्यात.

अर्जाच्या आधी वही

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत ही वहीच सर्वांत मोलाची, आणि लोक नेमकी तीच टाळतात. 'रोज रात्रभर भुंकतात' या वाक्याला कोणत्याही टेबलावर वजन नाही. शंभर पानी वही घ्या आणि किमान १५ दिवस लिहा: तारीख, भुंकणं सुरू झालं ती वेळ, थांबलं ती वेळ, कुत्रं कुठे होतं, घरात माणसं होती का. नोंद अशी दिसते: '१२ एप्रिल, रात्री ११.४० ते १२.५५, पश्चिमेच्या गॅलरीत साखळीला, घराला कुलूप.'

शेवटचे दोन तपशील फार बोलतात. १५ दिवस लिहिलं की भुंकण्याचं कारण बहुधा वहीतच सापडतं. घराला कुलूप असतानाच भुंकत असेल तर ते एकटेपणानं. खाली कचऱ्यापाशी गल्लीतली कुत्री जमल्यावर भुंकत असेल तर गॅलरीतून ती दिसतात म्हणून. दुपारी दोन ते पाचमध्ये असेल तर पश्चिमेची फरशी तापलेली असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात बांधलेल्या जनावराचा तो आक्रोश असतो. अशा वेळी तक्रार तुमच्याइतकीच त्याचीही असते. दिवाळीचे फटाके किंवा लग्नाच्या वरातीचा डीजे सुरू असताना भुंकलं, ते वहीत धरू नका. प्रामाणिक वहीवर अधिकारी विश्वास ठेवतात.

मोबाइलवर आवाजाचं रेकॉर्डिंग करा, पण आपल्या घरात उभं राहून. शेजाऱ्याच्या घरात डोकावणारा व्हिडिओ काढू नका, तक्रार उलट तुमच्यावर येईल. मूळ फाइल त्याच फोनमध्ये जपून ठेवा. पुढे कोर्टात लागली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे १० ते ६. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. फोनमधल्या डेसिबल अ‍ॅपचा आकडा मात्र अधिकृत पुरावा धरला जात नाही, तो फक्त अंदाजासाठी.

पहिली पायरी: तोंडी, मग लेखी

दारावर जाऊन बोलायचं, आणि रात्री नाही, संध्याकाळी. 'जिभाऊ, रातले त्याले घरमा ल्या ना' (दादा, रात्री त्याला घरात घ्या ना) एवढं सांगितल्यावर मिटलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. कामावर गेलेल्या माणसाला आपल्या मागे कुत्रं चार तास भुंकतं हे अनेकदा खरोखरच माहीत नसतं. वहीचं पान दाखवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र पहिली तक्रार कधीच टाकू नका. चारचौघांत नाव निघालं की माणूस अडतो आणि मग कुत्र्याचा प्रश्न राहतो बाजूला.

दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर लेखी अर्ज. नमुना असा:

प्रति, मा. सचिव, (संस्थेचं नाव व पत्ता).
विषय: फ्लॅट क्र. — मधील पाळीव कुत्र्यांच्या रात्रीच्या भुंकण्यामुळे होणाऱ्या त्रासाबाबत.
महोदय, मी फ्लॅट क्र. — चा सभासद आहे. सोबत जोडलेल्या नोंदीप्रमाणे दि. — ते दि. — या काळात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत — वेळा सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त भुंकणे झाले. दि. — रोजी मी संबंधितांशी तोंडी बोललो. माझी विनंती अशी: १) रात्री कुत्र्यांना गॅलरीत न बांधता घरात ठेवावे. २) घर बंद असताना त्यांच्याजवळ कोणी राहील अशी व्यवस्था करावी. ३) समितीने दोन्ही बाजूंना बोलावून लेखी तोडगा काढावा.

सोबत जोडायचं: नोंदवहीच्या पानांची झेरॉक्स, भाग दाखल्याची किंवा इंडेक्स टूची प्रत, आधारची प्रत, आणि घरात आजारी माणूस, बाळंतीण किंवा बारावीचं मूल असेल तर तसा कागद. डॉक्टरांचा कागद असेल तर फक्त संबंधित पान द्या, सगळी फाइल इमारतीत फिरवू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. सचिव घेत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती ठेवा.

आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण संस्थेच्या कारभाराचे नमुना नियम) समितीनं येणाऱ्या बैठकीत तक्रारीवर निर्णय घ्यायचा असतो आणि त्यानंतर १५ दिवसांत सभासदाला कळवायचं असतं. कळवलं नाही किंवा पटलं नाही, तर विषयानुसार निबंधक, सहकार न्यायालय, पोलीस, महापालिका यांपैकी योग्य ठिकाणी जाण्याची वाट त्याच उपविधींत दिली आहे. समितीला एक गोष्ट आवर्जून सांगतो, पाणी तोडणं, गेटवर अडवणं, मनाला येईल तो दंड लावणं यांतलं काहीही करू नका. तक्रारदाराची खरी बाजू अशा एका चुकीनं वाया जाते.

पोलीस ठाणे

चालू प्रसंगात, मध्यरात्री तासभर भुंकणं थांबत नसेल तर ११२. कायमच्या तक्रारीसाठी दिवसा, तुमच्या हद्दीच्या ठाण्यात दोन प्रती घेऊन जा. सोबत सोसायटीच्या अर्जाची पोच आणि वही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, म्हणून जुन्या कलमांचे नमुने वापरू नका. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या कलम २७० मध्ये, शिक्षा कलम २९२ मध्ये, १,००० रुपयांपर्यंत दंड. हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे एनसी (अदखलपात्र नोंद) होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. पण एनसीनंतर दोन्ही बाजूंना बोलावून समज दिली जाते आणि बऱ्याच ठिकाणी तेवढ्यानंच काम होतं. एनसीची प्रत मागून घ्या.

कुत्रं अंगावर धावतं, जिन्यात मोकळं सोडलेलं असतं, चावलंय, तर प्रकरण वेगळं. कलम २९१, जनावराबाबत निष्काळजीपणा: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भुंकण्याच्या तक्रारीत हे कलम ओढूनताणून घालू नका.

आणि रागाच्या भरात कुणी विष टाकायची भाषा केली तर तिथेच थांबवा. जनावराला मारणं किंवा अपंग करणं यासाठी कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

प्रांताधिकारी

हा मार्ग फार कमी लोकांना माहीत असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुनं १३३) उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत, उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. समोरच्याला तो पाळावा लागतो किंवा हजर राहून आपलं म्हणणं मांडावं लागतं. जळगाव जिल्ह्यात भुसावळ, अमळनेर, पाचोरा, फैजपूर, चाळीसगाव अशा ठिकाणी प्रांत कार्यालयं आहेत, धुळ्यात शिरपूरला, नंदुरबारात शहाद्याला. अर्ज आवक-जावकमध्ये द्यायचा. कोर्ट फी स्टॅम्प किती रुपयांचा लावायचा ते तिथेच विचारून घ्या. कागद: चार-पाच घरांच्या सह्यांचा अर्ज, प्रत्येकाचा पत्त्याचा पुरावा, वही, सोसायटीची आणि पोलिसांची पोच. एका फ्लॅटमध्ये एक कुत्रं आणि त्रास एकाच घराला, असं असेल तर इथे वेळ घालवू नका.

कुत्र्यांचेच हाल होत असतील तर

प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६०, कलम ११(१). अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं दीर्घकाळ बांधणं, सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवायला न नेणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड कायद्यात आजही १० ते ५० रुपये आहे, ही रक्कम वाचून चीड येते. तरीही या कलमाचा उल्लेख करा, कारण त्यामुळे पशुसंवर्धन विभागाचे डॉक्टर येऊन पाहू शकतात आणि त्यांचं मत प्रकरणाला वळण देतं. फ्लॅटमध्ये पिल्लं काढून विकण्याचा धंदा चालत असेल, तर २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे राज्य मंडळाकडे नोंदणी लागते. ती आहे का, हे लेखी विचारा.

जळगाव आणि धुळे महापालिका हद्दीत आरोग्य विभागाकडे, नगरपालिकेच्या गावात मुख्याधिकाऱ्यांकडे पाळीव कुत्र्याची नोंद आणि रेबीज लसीकरणाबाबत विचारणा करता येते. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांचा विषय मात्र या अर्जात मिसळू नका. त्यांना २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू होतात आणि तो अर्ज स्वतंत्र करावा लागतो.

वकील लावण्याआधी

दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागता येतो, पण त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत वादपूर्व अर्ज द्या. त्याला फी नाही. समोरच्याला नोटीस जाते, दोघं बसतात, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते. पुढे मोफत वकील लागला तर महिलांना तो उत्पन्नाची अट न ठेवता मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही मिळतो, अशा काही गटांत न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. मदतीचा क्रमांक १५१००.

तडजोडीत वेळा आणि जागा लिहून घ्या: रात्री १० नंतर कुत्री आत, गॅलरीचं दार बंद, सकाळ-संध्याकाळ फिरवणं, घर बंद असेल तेव्हा किल्ली कुणाकडे. महिनाभर ते पाळलं गेलं की आधी जिथे जिथे अर्ज दिला होता, त्या सोसायटीत, ठाण्यात, प्रांताकडे, एका ओळीचं पत्र द्या की तक्रार मिटली आहे. त्याचीही पोच घ्या आणि एक प्रत शेजाऱ्याच्या हातात ठेवा.