कॉर्सिका आणि सार्डिनिया: मोटारीने फिरताना लहान बेट मोठे का ठरते

इटलीच्या पश्चिमेला भूमध्य समुद्रात एकाखाली एक अशी दोन बेटे आहेत. वरचे कॉर्सिका, खालचे सार्डिनिया. त्यांच्यामधली बोनिफासिओची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ११-१२ किलोमीटर रुंद आहे, दोन्हींवर ग्रॅनाइटचे खडक आणि तळ दिसेल असे नितळ पाणी आहे, आणि दोन्हींच्या ध्वजांवर मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम, माणसाचे मस्तकही आहे: कॉर्सिकाच्या ध्वजावर एक, तर सार्डिनियाच्या ध्वजावर तांबड्या क्रुसाभोवती चार. गावांच्या नावांनी गोंधळात आणखी भर पडते. बास्तिया, पोर्तो, बोनिफासिओ ही नावे ऐकून आपण इटलीत आहोत असे वाटते, पण ही गावे कॉर्सिकात, म्हणजे फ्रान्समध्ये आहेत. इटलीतल्या जिनोआ प्रजासत्ताकाने १७६८ मध्ये हे बेट फ्रान्सच्या हवाली केले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या अजाक्सिओ शहरात नेपोलियनचा जन्म झाला. सार्डिनिया मात्र इटलीचा भाग असून १९४८ पासून त्याला स्वायत्त प्रदेशाचा दर्जा आहे.

आठ-दहा दिवस भाड्याची मोटार घेऊन निवांत भटकायचे असेल, तर या राजकीय फरकाहून अधिक महत्त्वाचा फरक रस्त्यांचा आहे, आणि तिथेच नकाशा आपल्याला फसवतो. कॉर्सिकाचे क्षेत्रफळ सुमारे ८,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडेसेच जास्त; सार्डिनियाचे सुमारे २४,०००, म्हणजे पुणे आणि रत्नागिरी हे दोन जिल्हे एकत्र केल्यावर होईल तेवढे. त्यामुळे कॉर्सिका चार दिवसांत ‘उरकेल’ आणि सार्डिनियाला वेळ लागेल, असा हिशेब सहज केला जातो. प्रत्यक्षात गाडी चालवणाऱ्याला थकवते ते लहान बेटच.

याचे कारण कॉर्सिकाच्या घडणीत आहे. हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेली डोंगररांगच आहे. त्याचे सर्वोच्च शिखर मोंते चिंतो २,७०६ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईहून हजार मीटरने अधिक, आणि तेही किनाऱ्यापासून फार दूर नाही. बेटावर द्रुतगती महामार्ग एकही नाही. अजाक्सिओ ते बास्तिया हा मुख्य रस्ता जेमतेम दीडशे किलोमीटरचा असला, तरी तो डोंगर ओलांडून जातो आणि त्याला अडीच ते तीन तास लागतात. पश्चिम किनाऱ्यावर तर वेग आणखी उतरतो. पियाना ते पोर्तो हे अंतर अवघे बारा किलोमीटर आहे, पण तांबड्या ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून कोरलेल्या या रस्त्यावर समोरून पर्यटकांची बस आली की दोघांपैकी एकाला मागे सरावे लागते, आणि वळणापलीकडे गाय किंवा मोकाट डुकरांचा कळप आडवा उभा असण्याची शक्यता कायम असते. वरंध घाट ज्यांनी चालवला आहे त्यांना हा अनुभव अगदीच नवा वाटणार नाही. फरक इतकाच की इथे दरीच्या जागी समुद्र आहे.

एक व्यावहारिक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. युरोपात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. त्यामुळे बेटाला प्रदक्षिणा घालावी तसे, म्हणजे बेट उजव्या हाताला ठेवून गेलात, तर तुमची गाडी डोंगराच्या बाजूला राहते. उलट दिशेने गेलात तर कड्याच्या बाजूला. पश्चिम किनाऱ्यावर अजाक्सिओहून पोर्तोमार्गे काल्वीकडे, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणे त्यामुळे सोपे जाते. नवख्या चालकाने हा नियम पाळावाच, असे माझे मत आहे.

सार्डिनियात डोंगर आहेत, पण ते बुटके आहेत. सर्वांत उंच शिखर १,८३४ मीटरचे आहे. त्याहून मोठा फरक म्हणजे दक्षिणेतल्या काल्यारीपासून उत्तरेतल्या पोर्तो तोरेसपर्यंत जाणारा, टोल नसलेला चौपदरी राज्यमार्ग १३१. राजा कार्लो फेलिचेच्या काळात, १८२२ मध्ये, त्याची बांधणी सुरू झाली आणि लोक आजही त्याला त्याच नावाने ओळखतात. दोनशेहून अधिक किलोमीटरचे काल्यारी ते सास्सारी हे अंतर त्यावरून अडीच तासांच्या आसपास कापता येते. वाटेत नुरागी नावाचे, चुन्याशिवाय रचलेले कांस्ययुगीन दगडी बुरूज दिसतात; असे सुमारे सात हजार बुरूज बेटभर विखुरलेले आहेत आणि बारुमिनीचा समूह १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वळणांची हौस असेलच, तर आल्गेरो ते बोसा हा किनारी रस्ता अर्ध्या दिवसात ती पुरेपूर भागवतो.

ईशान्येकडच्या कोस्ता स्मेराल्दा या श्रीमंती किनाऱ्याचा पुण्याशी दूरचा संबंध आहे. १९६२ पासून तो विकसित करणारे चौथे आगाखान म्हणजे पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणाऱ्या तिसऱ्या आगाखानांचे नातू. १९६९ मध्ये तो राजवाडा या चौथ्या आगाखानांनीच भारताला अर्पण केला. हा किनारा पाहावा, मुक्काम मात्र दुसरीकडे करावा.

शाकाहारी माणसाचे सार्डिनियात अधिक बरे चालते. बटाटा, मेंढीच्या दुधाचे चीज आणि पुदिना भरलेला कुलुर्जोनेस हा पास्ता पाहताना करंजीची मुरड आठवते. कॉर्सिकात मुख्य मान डुकराच्या सुकवलेल्या मांसाला आहे, तरी ब्रोच्चू हे ताजे चीज भरलेले पदार्थ मिळतात.

घरातली ज्येष्ठ मंडळी सोबत असतील किंवा उजव्या बाजूने गाडी चालवण्याची ही पहिलीच वेळ असेल, तर मी सार्डिनिया सुचवेन, आणि तेही संपूर्ण नव्हे, उत्तर किंवा दक्षिण असा एकच अर्धा भाग. कॉर्सिकाला जायचेच असेल, तर दोनच मुक्काम ठेवून रोज शंभर किलोमीटरच्या आत फिरावे. एका आठवड्यात दोन्ही बेटे करण्याचा मोह टाळावा. सांता तेरेसा गाल्लुरा ते बोनिफासिओ ही फेरीबोट तासाभरातच पलीकडे पोहोचते हे खरे, पण भाड्याची मोटार बोटीवर चढवून दुसऱ्या देशात नेण्यास अनेक कंपन्या परवानगी देत नाहीत, म्हणून करारातले ते कलम आधी वाचावे. शेंजेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. अर्ज मात्र जिथे अधिक दिवस राहणार त्या देशाकडे, म्हणजे कॉर्सिकासाठी फ्रान्सकडे आणि सार्डिनियासाठी इटलीकडे करावा लागतो. आपल्या परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढून न्यावा. सार्डिनियातल्या जुन्या शहरांच्या वेशीवर ‘झेड-टी-एल’ ही अक्षरे दिसली, तर गाडी बाहेरच लावावी; तो भाग परवानाधारक वाहनांसाठी राखीव असतो, आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या दंडाची चिठ्ठी घरी परतल्यावर, कधी कधी काही महिन्यांनी, हाती पडते.