प्रोसेसर हँग झाला तर पॉवर बटण ऐकतं कोण?

फोन पार गोठलाय, स्क्रीनवर काही हलत नाही, मग आपण पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो आणि तो परत सुरू होतो. पण प्रोसेसरच अडकलाय तर बटण दाबलेलं कळलं कुणाला? बऱ्याच फोनमध्ये ते बटण वेगळ्याच चिपला जोडलेलं असतं, पॉवर मॅनेजमेंट चिप, म्हणजे पीएमआयसी. बॅटरीपासून प्रोसेसरच्या कोअरला, म्हणजे आतल्या मुख्य भागाला, साधारण 1 व्होल्ट, इतर पिनांना 1.8 किंवा 3.3 असे वेगवेगळे सप्लाय हीच बनवते आणि ठरलेल्या क्रमानेच चालू करते.

तोवर प्रोसेसरला थोपवून धरते ती रीसेटची लाइन. ती शून्यावर असेल तर प्रोसेसर थांबलेला, वर गेली की सुरू. असं उलटं का, तर सप्लायच नसेल तेव्हा लाइन आपोआप शून्यावरच असते.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पीएमआयसी ही लाइन सहसा वर ढकलतच नाही, फक्त खाली ओढते. याला ओपन ड्रेन म्हणतात. वर न्यायला एक रेझिस्टर असतो, समजा 10 किलोओहमचा, आणि तो प्रोसेसरच्या त्याच पिनच्या सप्लायला लावायचा. त्यामुळे पीएमआयसी, रीसेट बटण, डीबगर (प्रोग्राममधल्या चुका शोधायला जोडतात ते उपकरण) सगळे एकाच लाइनवर बसू शकतात, कुणीही एकाने खाली धरलं की सगळं थांबलं, शेवटच्याने सोडलं की सुरू, भांडण नाहीच, कारण 1.8 व्होल्टला रेझिस्टरमधून जेमतेम 0.18 मिलिअँपिअर जातो. याउलट 1.8 चा सप्लाय अजून चालू नसताना त्याच्या पिनवर थेट 3.3 ढकलले तर करंट पिनच्या प्रोटेक्शन डायोडमधून मागच्या दाराने सप्लायमध्ये शिरतो आणि चिप धड बंद नाही धड चालू नाही अशी लटकते.

पण प्रोसेसरकडून पीएमआयसीकडेही एक लाइन हवी, वॉचडॉगची, म्हणजे सॉफ्टवेअर अडकलं की आपोआप रीसेट करणाऱ्या टायमरची. वॉचडॉगने नुसता प्रोसेसर रीसेट केला तर बाहेरच्या चिपना त्याचा पत्ताच नसतो. फ्लॅश मेमरीचंच बघा, 3 बाइटच्या पत्त्यात 16 एमबीपर्यंतच पोचता येतं, म्हणून मोठी फ्लॅश सॉफ्टवेअर 4 बाइटच्या मोडमध्ये टाकतं. रीसेटनंतर बूट कोड, म्हणजे सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा कोड, पुन्हा 3 बाइटचाच पत्ता पाठवतो, फ्लॅश चौथ्याची वाट बघत बसते, वाचलेलं सगळं चुकीचं आणि बोर्ड तिथेच अडकतो. म्हणून फ्लॅशला स्वतःची रीसेट पिन जोडलेली नसेल तर वॉचडॉगची लाइन पीएमआयसीला द्यायची, म्हणजे ती सगळे सप्लाय पाडून पुन्हा क्रमाने उभे करते.

आणि "बंद करून थोडा वेळ थांबा" हा काही अंधश्रद्धेतला तोडगा नाही, त्यामागे खरं कारण आहे, मशीनलाही साडेसाती लागते म्हणणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्यावं. लगेच पुन्हा चालू केलं तर कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, व्होल्टेज पुरतं खाली येत नाही, मग फ्लॅशला वीज गेली होती हे कळतच नाही आणि ती जुन्याच मोडमध्ये राहते. म्हणूनच बऱ्याच पीएमआयसीत आउटपुटला डिस्चार्ज रेझिस्टर असतो, सप्लाय बंद झाला की उरलेला चार्ज त्यातून ग्राउंडला जातो.